हात लावा

‘हात लावू नये’ ही पाटी आम्ही बनवलीच नाही.
घणसोलीच्या या गाळ्यात आधी टाइल्स विकायचे,
आता सतरा शुभंकर उभे आहेत:
क्रिकेटचा बेडूक, खो-खोची खार,
दर रविवारी पाय निखळणारा फ्लेमिंगो.
बटण दाबलं की शिट्टी वाजते.
डोकं उचललं की आत शिरता येतं,
आणि प्रत्येक पोरानंतर आतून पुसायचं,
हा नियमही आमचाच.

चिंबोरी दिवाळे गावातून आली.
कबड्डीचा संघ मोडला, तेव्हापासून पोत्यात होती.
कमळाकर मढवी टेम्पोतून घेऊन आले,
डोकं मांडीवर.
अकरा मोसम तेच होते आत.
“डोळ्यांतून काय दिसत नाय,” म्हणाले,
“बघायचं तोंडातून.”
मी पाटीवर तेवढंच लिहिलं.

उद्घाटनाला त्यांची नात घुसली,
नांग्या हलवल्या, खांबाला धडकली,
मग एकदम गप्प.
“आजोबा, आत रेघा आहेत. बॉलपेनच्या. कितीतरी!”
“हरलेल्या मॅची,” ते म्हणाले.
“जिंकलो की नाचायचं असायचं.
हरल्यावर
डोकं काढायची घाई नसायची.”

फडकं ओलं करून आणलं होतं मी.
तसंच खिशात कोंबलं.
पँट भिजली.