लगत

देवपुरात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरची खोली.
रात्री साडेदहालाही फरशी तापलेली.
केळीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पेनानं चौकटी,
राक्षस म्हणजे चिंचोका, आपली माणसं सरकी.

नियम छापलाय: लगतच्या शत्रूपासून हटलात
तर त्याला एक वार फुकट.
लगत म्हणजे?
कोपऱ्याला कोपरा टेकला, तर लगत?

कुंदन म्हणाला, बाजू लागली पाहिजे.
त्याचे वडील मोजणी खात्यात,
चतुःसीमा त्याला पाठ.
अफरोज म्हणाला, कुत्रं काय कोपऱ्यातून चावत नाही?
ज्याची सरकी मरायला टेकलेली
तो योगराज गुडघ्यांना मिठी मारून गप्प.
‘आते काय करानं, भो?’
सगळे माझ्याकडे. पुस्तक तर
नेमकं तिथंच तोंड मिटतं.

मी म्हणालो, कोपरा लगत नाही. पळ.

तेव्हा मृणाल, इतका वेळ फासे पुसत बसलेली:
मग माझी दाई?
गेल्या पोळ्याला ती कोपऱ्यावरूनच हटत होती.
तू फासा टाकलास. अठरा.

खाली कुणीतरी शटर ओढलं.

खेळच तर आहे, असं म्हणता आलं असतं.
तिनं पाकिटातून चार घड्यांचा कागद काढला:
नाव, बळ, जखमा,
झोळीत दोरखंड, सुईदोरा, अर्धी भाकर.

मी समासात पेन्सिलनं लिहिलं,
कोपरा लगत नाही. पोळ्यापासून लागू.

योगराजनं पुठ्ठ्यावर एक सरकी जास्तीची ठेवली.
‘आते तिनी पाळी,’ कुंदन म्हणाला.