खळ

मावशी कोंबडीच्या पिसानं लिहिते.
कसाव्याची खळ, शिजवून गाळलेली, चिमूटभर तुरटी,
पीस बुडवायचं, मग रेघ संपेपर्यंत हात उचलायचा नाही.
जिथं खळ, तिथं नीळ चढत नाही.
एवढंच या कामाचं गुपित, ती म्हणते,
बाकी सगळी कंबरदुखी.

मी तिवालादे. फोन माझ्याकडे होता.
अबेओकुटात, इटोकूच्या बाजारामागच्या अंगणातून
मी तिचे हात जगाला दाखवले. चेहरा नाही,
चेहरा द्यायला ती तयार नव्हती.
"काम हातांनी केलंय, त्यांनाच बघू दे."
एकोणीस हजार माणसं बघायची.
कुणी टोरांटोतून, कुणी डर्बनहून,
ऑर्डरींना खळ म्हणून नाही.
दोन रांजणांचे सात झाले.
राख चाळायला फोलुके पगारावर आली.
जनरेटर घेतला, हप्त्यानं.

मग कंपनी विकली गेली म्हणे.
आधी हात दिसेनासे झाले,
एकोणीस हजारांतले चारशे उरले, मग एकतीस.
कुणी म्हणालं, गाणं लाव. लावलं.
कुणी म्हणालं, पहिल्या तीन सेकंदांत
काहीतरी फुटायला हवं.
मावशीनं विचारलं, काय फोडू? रांजण?
नीळ मुरायला सहा दिवस लागतात.

आणि एका मंगळवारी पहाटे
आमच्या देशापुरतं ते बंदच झालं.
पांढरा पडदा, मधे गरगरणारं एक वर्तुळ.
मी अंगणात फोन उंच धरून फिरले,
जणू ते रेंजचं दुखणं होतं.

निळीचा रांजण नासला की अफवा उठते, असं जुनी माणसं म्हणतात.
आमच्याकडे उलट झालं.
आधी अफवा उठल्या:
सोमवारी सुरू होणार,
मंत्र्याच्या मेहुण्याला हिस्सा हवाय,
लागोसला कुणाचं तरी सुरू झालंसुद्धा.
त्या ऐकण्यात रांजणांकडे बघायचं राहिलं,
आणि दोन खरोखर नासले.

पार्सलं नेणारा वसिऊ
मोटारसायकलवर आडवा होऊन झोपतो आता.
फोलुके स्वतःच म्हणाली, या महिन्याचे राहू देत.
ते ऐकायला तिनं ओरडावं लागलं असतं तर बरं झालं असतं.
जनरेटरवाला मात्र वेळेवर येतो.

भाची म्हणून मला एक सांगायचंय, कुणी विचारलेलं नाही.
दोन वर्षांत एकही नंबर मी वहीत उतरवला नाही.
एकही पत्ता नाही.
सगळं होतं ना तिथं.
भाड्याच्या घराच्या भिंतीवर हिशेब लिहावा
आणि मालकानं रातोरात चुना मारावा,
तसं झालं. पण भिंत मीच निवडली होती.

एक कापड राहिलंय.
मागवणारीचं खरं नाव मला माहीत नाही,
ती स्वतःला निळा कावळा सात म्हणायची. ब्रिस्टलला असते.
आई आमच्याच गावची, तिकडे वारली,
वर्षश्राद्धाला टेबलावर अंथरायला हवं होतं.
निम्मे पैसे दिलेत. मधे आईची किल्ली काढा म्हणाली,
तिजोरीची नव्हे, स्वयंपाकघराच्या कपाटाची,
जी ती कुणाला देत नसे.
मावशीनं ती चार वेळा काढली, पाचवी ठेवली.

तारीख उलटून गेली.
मी म्हटलं, विकून टाकू, बाजारात कुणीही घेईल.
मावशीनं उत्तर दिलं नाही.
दर शुक्रवारी ती ते कापड पुन्हा रांजणात बुडवते,
वर काढते, हिरवं असतं, वाऱ्यानं निळं होत जातं,
प्रत्येक खेपेला थोडं अधिक काळं.
खळ खरवडत नाही.
पत्ता आला की धुईन, म्हणते.

काल दोरीवर मी जवळून पाहिलं.
खळ वाळून तडकलीय.
तड्यांतून नीळ आत शिरत असणार,
किल्लीच्या दांड्यावर, दातांवर,
बारीक, केसासारखी.
किती शिरली
ते धुतल्याशिवाय कळायचं नाही.