मोरचूद

दहावीपर्यंत क्षपण होतं, अकरावीत रिडक्शन झालं.
शब्द बदलला, गोंधळ तोच राहिला:
ज्याला इलेक्ट्रॉन मिळतात
त्याची घट झाली, असं कसं म्हणायचं?
विचारलं नाही. कॉलेज रोडच्या क्लासात
शंभर पोरं, आणि दाबके सरांचा खडू
केव्हाच पुढच्या ओळीला लागलेला.

लोखंड: वजा शून्य पॉइंट चव्वेचाळीस.
तांबं: अधिक शून्य पॉइंट चौतीस.
दिंडोरीच्या बसमध्ये काचेला डोकं टेकून
मी ते घोकलं,
फोन नंबर घोकतात तसं.

रविवारी बागेत बोर्डो कालवायला घेतलेलं.
छाटणी नुकतीच उरकलेली, डाऊनीची धास्ती.
शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद
(किलोत चार मोल, एवढं मला येत होतं)
आणि दुसऱ्या बादलीत गाळलेला चुना.
गोजराबाई गांगुर्डे काठीनं ढवळत होत्या
ते निळं, दाटसर,
आभाळ नासावं तसं.

मग त्यांनी कमरेचा विळा काढला,
पातं ड्रममध्ये बुडवलं,
ओठांतल्या ओठांत काही मोजलं.
बाहेर आलं ते पात्यावर तांबूस साय घेऊन.
"तांबडं चढलं. चुना कमी पडला.
डोळे जळतील काडीचे."
"तुम्हाला कसं कळतं?"
"मला कुठं? विळ्याला कळतं."

मी पातं अंगठ्यानं पुसलं.
अंगठा तांब्याचा झाला.
लोखंडानं दोन सोडले आणि ते पाण्यात उतरलं,
न बोलता, न दिसता.
ते दोन घेऊन तांबं
अधिक दोनवरून शून्यावर आलं,
बसलं पात्यावर, पाहुणं ओट्यावर बसतं तसं.
घट झाली होती ती प्रभाराची.
मिळाल्यानंसुद्धा भार उतरतो
हे त्या पुस्तकात सरळ का लिहीत नाहीत?

अजून दोन मग चुना. पुन्हा विळा.
या खेपेला पातं जसं गेलं तसं परत.
"आता भरा पंप," गोजराबाई म्हणाल्या,
आणि विळा लुगड्याला पुसता पुसता,
"दर साली बारीक होतोय मेला.
धार लावून लावून."
मी काही बोलले नाही.

चाचणीत उत्तर बरोबर आलं: शून्य पॉइंट अठ्ठ्याहत्तर.
व्होल्ट लिहायचं राहिलं.
अर्धा मार्क गेला.