इथले गुलाबजाम लांबट असतात

इथले गुलाबजाम गोल नसतात.
बोटाएवढे, मधे जरा फुगलेले, टोकांना निमुळते.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.
अम्मा म्हणते, डब्यात जास्त बसतात.
तिला कारणं थोडक्यात आवडतात.

चॅट्सवर्थच्या उतारावर, ऑक्टोबरात,
खिडकीला आडवी सळई घालावी लागते माकडांसाठी.
मागच्या दिवाळीला एकानं आख्खा ट्रे पळवला
आणि पाडियाचींच्या छपरावर बसून
सावकाश, एकेक बोट चाटत राहिलं.
अम्मानं चप्पल फेकली.
ती अजून वरच आहे.

मी जोहान्सबर्गहून येताना थर्मामीटर आणला,
स्टीलच्या दांडीचा, हिरवे आकडे दाखवणारा.
अम्मानं तो उलटसुलट करून पाहिला:
"ताप कुणाला आलाय?"

मग कंडेन्स्ड मिल्कचा डबा, मैदा, मूठभर रवा,
तूप किती ते विचारायचं नाही.
पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की थांबायचं.
मी वाकले, तिनं माझीच पाळी चिमटीत धरून पाहिली,
पुन्हा पीठ, पुन्हा पाळी,
आणि अजून दोन चमचे दूध घातलं.

एकोणतीस वर्षं तिनं कॉलरी शिवल्या
जेकब्जच्या कारखान्यात. शर्ट नाही, नुसत्या कॉलरी.
त्याखाली कुठली छाती येणार, तिला कधी कळलं नाही.
एका गुरुवारी सुई उजव्या तर्जनीच्या
नखातून आरपार गेली.
सुपरवायझरनं रुमाल दिला
आणि घड्याळाकडे पाहिलं.
तेव्हापासून त्या टोकाला काही समजत नाही,
थंड नाही, गरम नाही,
माझा गाल नाही.

म्हणून पाक ती त्याच बोटानं बघते.
उकळत्या पातेल्यातला थेंब, अंगठा, तर्जनी,
मग हात दिव्याकडे धरून, एक डोळा मिटून,
दोन बोटांमधे तार शोधते
जशी सुई ओवताना शोधायची.

सव्वासातला वीज गेली.
सगळा उतार एकदम विझला,
कुणाच्या तरी टीव्हीतलं वाक्य अर्ध्यावर राहिलं.
गॅसची निळी फुलं तेवढी उरली
आणि माझे हिरवे आकडे: एकशे चार.
"झाला," मी म्हटलं.
"नाही झाला."
एकशे पाच.
"नाही."

अंधारात तिचं बोट वर गेलं,
थोडा वेळ तसंच राहिलं.
तार दिसत नव्हती, आणि बोटाला तर
काहीच कळत नव्हतं.
पहिल्यांदाच मला जाणवलं,
की एवढी वर्षं ती फक्त डोळ्यांनी
पाक चाखत आली होती.

"सलोचनी, तुझं बोट दे."

भाजलं. मी ओरडले नाही, निदान मोठ्यानं नाही.
अंगठा टेकवला, हळूच उचलला,
आणि मधे काहीतरी ओढलं गेलं,
केसाहून बारीक, अगदी हट्टी.
"तुटली?"
"नाही."
"आता?"
"नाही... आता तुटली."
"उतरव."

वरच्या घरातून नोकुथुला टॉर्च घेऊन आली
तेव्हा आम्ही दोघी चाचपडत
पाकात लांबट जाम सोडत होतो
आणि अम्मा, कोण जाणे कशाला,
माझं भाजलेलं बोट आपल्या तोंडात धरून होती.
नोकुथुलानं टॉर्च जरा बाजूला वळवला.

सकाळी चौदा डबे गेले.
नोकुथुलाचा डबा दुपारीच परत आला, आत स्कोन;
रिकामा डबा इथंही कुणी परत करत नाही.

आज फोनवर म्हणाली,
तुझी ती सळई बरी आहे गं,
जाम आतपर्यंत शिजला का, ते टोचून बघते.
बॅटरी मात्र काढून
रिमोटला घातली.