शून्य कुठे धरायचं

शिवडीच्या रात्रशाळेत साडेसातला
फळ्यावर मी लिहिते: स्थितिज ऊर्जा.
खाली एक आडवी रेघ, रेघेपुढे शून्य.
बाहेर टँकरांची रांग, खिडकीतून डिझेलचा वास.
सवयीनं म्हणते, "ही रेघ कुठेही धरा,
टेबलावर, गच्चीत, विहिरीच्या तळाशी.
फरक तेवढाच राहतो."

मागच्या बाकावरून रियाझ चौगुले:
"मॅडम, मग मी हुकापाशी धरतो."

रियाझ दिवसा परळच्या टॉवरच्या काचा पुसतो.
गच्चीवर लोखंडी हूक, हुकाला दोर,
दोराला तो, कमरेला बादली.
सकाळी नऊला शून्य,
मग मजल्यामजल्यानं उणे.
उणे तीन: कुणीतरी पट्ट्यावर जागच्या जागी धावतंय.
उणे चाळीस: एक म्हातारी, रोज हात करते.
उणे नव्वद: रखवालदार, त्याची खुर्ची, चहा.
"जेवायच्या सुट्टीत मी सगळ्यात जास्त उणे असतो,"
रियाझ म्हणाला, आणि वर्ग हसला.

मला अप्पा आठवले.

अप्पा महापालिकेत पट्टी धरायचे.
दुर्बिणीला डोळा साहेबाचा,
आणि चौदा फुटी लाल-काळी पट्टी
भर उन्हात ओळंब्यात उभी धरणारे अप्पा.
गटाराचा तळ, नाल्याचं तोंड, पुलाचा कठडा,
साऱ्यांची उंची एकाच शून्यापासून.
आणि ते शून्य, अप्पा सांगायचे,
टाउन हॉलच्या पायरीखाली, खूप खोल,
कुणीच न पाहिलेलं.
"समुद्राच्याही खाली?"
"खालीच. म्हणजे कुठल्या गटाराला
उणं म्हणायची पाळी येत नाही."

घरी आई मात्र रोज त्यांचं उणंदुणं काढायची:
पगार, बढती, चिखलाचे बूट.
अप्पा ऐकून घ्यायचे.
फार झालं की एवढंच, "पातळी सोडू नकोस,"
आणि बोलताना हात आपोआप उभा,
जणू पट्टी धरलीय.

गेल्या मंगळवारी रियाझच्या हातून
काच निपटायची रबरी पट्टी सुटली.
त्याच्या हिशेबात उणे बावीसवरून उणे नव्वदवर.
अप्पांच्या हिशेबात, समजा,
शहाण्णववरून अठ्ठावीसवर.
कुणाचं शून्य खरं, हे पट्टीनं विचारलं नाही.
अडुसष्ट मीटर म्हणजे अडुसष्ट मीटर.
फूटपाथच्या लादीला बोटभर खोक पडली.
कुणाला लागलं नाही.
ठेकेदारानं पैसे कापले.
त्या रात्री रियाझ वर्गात आला, वही उघडली,
पेनाचं टोपण काही त्याला निघेना.

सहामाहीच्या पेपरात छापलं होतं: जमीन शून्य धरा.
रियाझनं खाली लिहिलं, "मी हूक धरला आहे."
मग ओळीमागून ओळ उणे, उणे, उणे,
आणि शेवटी उत्तर तेच,
जे नमुना उत्तरपत्रिकेत आहे.
सूचना पाळलेली नाही. चूकही नाही.

लाल पेन घेऊन मी बराच वेळ बसले.
दाराआड अप्पांची पट्टी अजून आहे.
निवृत्तीच्या दिवशी खात्यानं मोडीत काढली,
ती त्यांनी खांद्यावरून घरी आणली.
खालची पितळी टोपी झिजलीय,
जिथून आकडे सुरू होतात नेमकी तिथंच.
तीस वर्षं रस्त्यावर टेकून
शून्य थोडं खरवडून गेलंय.
"मग मापं चुकली नाहीत?" मी एकदा विचारलं होतं.
"साहेब म्हणायचा, इथून तिथून पट्टी एकच,
वजाबाकीत झीज उडून जाते."
असं सांगून अप्पा
आपल्या तळपायाची भेग बघत बसले होते.

पाचपैकी पाच.