पहिली ओळ

ताराबाई पार्क, दुसरा मजला.
सकाळपासून एकच एरर.

पुण्याचा निमिष खुर्ची ओढून सांगतो:
बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर
तू बोलावला नाहीस तरी आधी चालतोच.
फक्त त्याला काही हवं असेल
तर द्यायचं तूच, पहिल्या ओळीत.

मी ओळ वर नेली, कंसात दोन व्हेरिएबल ठेवले.
चाललं.

सहाला डबा उचलला.
"येतो मी," म्हणाले.
निमिष हसला, "येतो? अगं, येते म्हण!"

आई शिरोलीला फाउंड्रीत कोअर भरते.
रात्रपाळीला निघताना, पायानं चप्पल शोधत,
दारातनं म्हणते, "येतो गं. आमटी झाकून ठेवल्या."

मी कुठं काही लिहिलं नव्हतं.
जिन्यावर कळलं,
माझं तोंड उघडायच्या आत
ती चालली होती.