ओळ चारशे बारा

शेफील्डमध्ये शीफ नदी
स्टेशनाच्या पोटाखालून जाते,
विटांच्या बोगद्यातून, अंधारात,
आणि कुणाला न कळवता डॉनला मिळते.
वर माणसं कागदी पेल्यातला चहा फुंकत
लीड्सच्या गाडीची वाट बघत असतात.

बहुतेक मर्ज असेच होतात.
तुझ्या एकोणीस फायली, माझ्या एकतीस,
मशीन मुकाट्याने शिवत गेलं,
टाकासुद्धा दिसला नाही.

मग ओळ चारशे बारा.

वर माझं, खाली तुझं, मध्ये
बरोबरच्या चिन्हांचं कुंपण.
पाणी तीन मीटर वीसवर आलं की भोंगा, मी म्हणते.
दोन ऐंशीवर, तू म्हणतोस.
मशीन म्हणतं, तुमचं तुम्ही बघा.

मी आकडा वाढवला तो मार्चमध्ये.
त्या हिवाळ्यात चार वेळा भोंगा वाजला,
चारही वेळा पाणी आलं नाही,
पाचव्या वेळी अंथरुणातून कुणी उठलंच नाही.

तू कमी केलास जूनमध्ये
आणि शेजारी लिहून ठेवलंस:
हे वाढवू नका. आमच्या गल्लीत पाणी आधी येतं.
त्याच आठवड्यात तुझा उजवा हात गेला,
पाठोपाठ बोलणं.
ब्रांच तशीच राहिली नऊ महिने,
खुंटीवरच्या रेनकोटसारखी.

मधला आकडा घे, ब्रॉन्विन म्हणाली, तीन. विषय संपला.
पण तीन म्हणजे मुळात होता तोच,
ज्याने आपण दोघंही हैराण झालो होतो.

आमच्या कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना
समोरासमोर येतात, कपाळाला कपाळ.
लहानपणी मी काठावर बसून बघायचे,
कोण मागे हटतंय.
कुणीच नाही. दोघी वळतात.
पुढे नाव मात्र एकीचंच चालतं;
कोयनेला कुणी विचारलं होतं, कोण जाणे.

जेवणाच्या सुट्टीत तुझ्या गल्लीत आले, ऑल्ड्रॉइड.
नवा रंग दिलेल्या भिंतीतून
जुन्या पाण्याची रेघ वर आली होती,
माझ्या कमरेएवढी.
खिडकीत तू. मांडीवर चौकड्यांचं ब्लँकेट.
डाव्या हाताने पडदा सरकवलास
आणि तळवा आडवा धरलास हवेत,
चौकटीच्या उंचीला.
नुसतं हॅलो असेल.
मी पातळी समजले.

परत येऊन एका ओळीच्या दोन केल्या:
बाकी शहराला तीन वीस,
नदीकाठच्या सात गल्ल्यांना दोन ऐंशी.
खालचं सगळं एकेका ओळीने सरकलं,
बाकावर कुणाला जागा करून द्यावी तसं.

कुंपण पुसलं. तुझी टीप ठेवली.
इंग्रजीत आमचं आणि आपलं
एकाच शब्दात भागतं;
इतके महिने मी तिथे
आमच्या गल्लीत असंच वाचत होते.